वलंदेजी खिडकी

रहीममिस्त्री आणि त्यांची बायको हव्वाचाची, ही दोन नावं आधी लिहून टाकतो. बाकीचं मग. माझी सवय अशी की बोलायला लागलो की भीतीनं इकडचं तिकडचं सांगत बसतो आणि ज्याचं नाव घ्यायचं तो माणूस शेवटपर्यंत राहून जातो. एकदा तसं झालेलं आहे, आणि हे प्रकरण त्याबद्दलचंच आहे. चिंचवड गावात नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर मिस्त्रींचं सुतारकामाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि कडेला लाकूड रचायची पडवी. त्या पडवीत सागाच्या फळ्यांवर गोधडी टाकून मी अडीच-तीन वर्षं झोपलो. भाड्याचं विचारलं की मिस्त्री म्हणायचे, "लाकडाला राखण लागतीच. तू घोरतोस, त्येवढं पुरं हाय." सातवी करून शाळा सुटलेला, घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर येऊन पडलेला, कुणी हाक मारली तरी दचकणारा असा मी. त्या दोघांनी ठेवून घेतलं नसतं तर पहिल्याच महिन्यात परत आईपाशी जाऊन बसलो असतो. आणि आई कुठे राहत होती ते सांगितलं म्हणजे पुढचं सगळं कळेल.

माझं गाव बंदराचं, रत्नागिरीच्या खाली आणि गोव्याच्या वर. नाव लिहीत नाही, कारण तिथली मंडळी वखारीचा विषय निघाला की अजून भांडायला उठतात. वखार वलंदेजांची, म्हणजे आजची मुलं ज्यांना डच म्हणतात त्यांची. एक पक्ष म्हणतो, छे, ती पोर्तुगिजांची. दुसरा म्हणतो, इंग्रजांनी अर्धी पाडून पुन्हा बांधली. कुणाची का असेना, मिरी आणि कापड न्यायला ते लोक समुद्रावरून आले, गोदाम बांधलं आणि जाताना नेता येईल ते सगळं घेऊन गेले. इमारत नेता आली नाही, म्हणून ती आमच्या वाट्याला आली. चार हात जाडीच्या जांभ्याच्या भिंती, दोन मजले, कोपऱ्यांना बुरूज, मधे चौक आणि समुद्राच्या बाजूला हत्ती जाईल एवढा दरवाजा. आमच्या गावात हत्ती कधी आला नाही. दरवाजातून सुक्या मासळीची पोती जात. खालच्या मजल्यावर कस्टमची चौकी होती, वरचा मजला वटवाघळांनी घेतला होता, आणि मागे वलंदेजांच्या घोड्यांची पागा होती तिच्यात आम्ही राहत होतो. वडील चौकीवर शिपाई, त्यामुळे ती पागा आम्हाला मिळालेली. घोडे बांधायच्या कड्या भिंतीत तशाच होत्या. त्यांत दोरी ओवून आई लुगडी वाळत घालायची.

शाळेतले मास्तर दरवर्षी मुलांची रांग घेऊन वखार बघायला येत. ही कमान बघा, हा जिना बघा, एवढी वर्षं झाली तरी दगड हलला नाही, म्हणत. मी त्याच रांगेत उभा राहून माझ्याच घराचं कौतुक ऐकायचो. दगड हलला नव्हता हे खरं. पण छप्पर हललं होतं, आणि पाऊस काही दगडातून येत नाही. पावसाळ्यात आई गळतीखाली भांडी मांडत जायची आणि पेज शिजवायला भांडं शिल्लक राहायचं नाही. दरवाजाच्या डोक्यावर दगडात कोरलेलं एक निशाण होतं, ढालीसारखा आकार आणि त्यात एक जनावर. सिंह की कुत्रा यावर गावात दोन तट होते. मुंबईहून, पुण्याहून, कधी विलायतेहून टोपीवाले पाहुणे येत. ते निशाणावर खडू घासत, बोटं फिरवत, फोटो काढत, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहायचं. त्याच दरवाजाच्या उंबऱ्यावर ताप भरलेले माझे वडील बसलेले असत. त्यांना कुणी, बाबा, काय होतंय, असं विचारल्याचं मला आठवत नाही. निशाण दिसलं की साहेबलोक पाघळतात, एवढी एकच विद्या मी त्या वखारीत शिकलो. तीच पुढे नडली.

वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं होती. चपटे, पातळ, तळहाताएवढे शिंपले लाकडी पट्ट्यांत बसवलेले. त्यांतून उजेड यायचा तो पेजेच्या निवळीसारखा. त्या सगळ्या डोलाऱ्यात मला आवडायची ती एवढीच गोष्ट, आणि तीही धड बंद व्हायची नाही. एका वादळात त्यातली एक खिडकी चौकटीसकट निखळून खाली आली. चौकीवाल्यांनी ती उचलून आमच्या पागेत टाकली. पुढे वडील गेले, माझी शाळा सुटली, चौकी झाडायच्या बोलीवर आई पागेत राहिली, आणि मी गाव सोडून निघालो तेव्हा ती खिडकी भिंतीला टेकून उभी होती.

पिंपरीला तेव्हा माळ होता. माझी नात आता तळवड्याला संगणकासमोर बसून काम करते. तिला मी सांगतो की इथे बाभळी होत्या, मेंढरं बसायची, तर ती, हो का आजोबा, म्हणते आणि पुन्हा फोनमध्ये बघते. रुळाच्या कडेला एका कंपनीच्या कारखान्याचे लोखंडी सांगाडे उभे राहत होते. तिथे स्टोअर्समध्ये मला हंगामी काम मिळालं. बोटीनं मुंबईला आणि तिथून रेल्वेनं आलेली यंत्रांची खोकी उतरवून घ्यायची आणि खुणा बघून कुठलं खोकं कुठे ठेवायचं ते हमालांना सांगायचं. माझं इंग्रजी नावापुरतं, पण खोक्यांवर अक्षरांपेक्षा चित्रं कामाची असत. छत्रीचं चित्र म्हणजे पाणी लागू देऊ नका. बाण म्हणजे ही बाजू वर. आणि उंच दांडीचा पेला म्हणजे आत नाजूक माल आहे, सांभाळून उतरवा. पेला दिसला की हमाल म्हणायचे, साहेबाची दारू आली. रिकाम्या खोक्यांच्या फळ्या पिवळट, हलक्या आणि राळेचा वास मारणाऱ्या. त्या रहीममिस्त्री घेऊन जात. कामगारांच्या चाळींच्या दारं-खिडक्यांचं काम कंपनीनं त्यांना दिलेलं होतं. पण दारांना सागच. खोक्यांच्या फळ्यांचं ते चाचीच्या कोंबड्यांना खुराडं करत. "विलायती लाकूड नुसतं गोरं असतंय," ते म्हणायचे. "दम न्हाई."

त्या घरात दिवस उजाडायचा तो रंध्याच्या आवाजानं. सर्र, सर्र, मग मिस्त्री थांबून फळीवरून तळहात फिरवणार, की पुन्हा सर्र. मागे चाची भाकरी थापायची, तो आवाज मधल्या थांब्यात बरोबर बसायचा. सकाळी बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी, संध्याकाळी वांगं नाही तर चवळी, शुक्रवारी मटणाचा रस्सा. मला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नसे आणि मासळी रात्री स्वप्नात यायची, पण बोलायची छाती नव्हती. चाचीनं ते कसं ओळखलं कोण जाणे. एकदा तिनं पुण्याहून सुके बोंबील आणवले, नाकाला पदर लावून स्वतः भाजले आणि माझ्या ताटात टाकले. म्हणाली, खा, पण हात नदीवर जाऊन धू. शेजारीण धावत विचारायला आली, काय मेलंय गं तुमच्यात? चाची म्हणाली, "काय न्हाई. कोकण आलंय." वखारीत राहायचो हे मी पहिल्याच आठवड्यात बोलून बसलो होतो, त्यामुळे मिस्त्री मला नावानं हाक मारतच नसत. ये वलंदेज, भाकर खा. ये वलंदेज, ती पटाशी दे. आयुष्यात मला मिळालेली एकमेव पदवी.

कंपनीचे बडे साहेब आपल्यातलेच, पण विलायतेत शिकून आलेले. आकुर्डीच्या वाटेवर त्यांनी कंपनीच्या पाहुण्यांसाठी बंगला बांधायला काढला होता. बंगल्याला कमानी चार, आणि खांब इतके जाड की त्यामागे माणूस लपावा. नव्या कोऱ्या भिंतींवर मुद्दाम खडबडीत गिलावा करून घेतला, जुन्यासारखा दिसावा म्हणून. गवंडी आपसांत म्हणायचे, आधी गुळगुळीत करायला शिकवतात आणि मग बिघडवायला मजुरी देतात. इंग्रज जाऊन फार दिवस झाले नव्हते. साहेबांना त्यांच्यावाचून करमत नसावं. हा कुजकटपणा अर्थात माझ्या पेन्शनीतला आहे. त्या वेळी साहेब दिसले की मी खोक्यांच्या आड व्हायचो.

हंगामी माणसं कमी करणार अशी बोलवा उठली होती, त्याच दिवसांत एकदा साहेब स्टोअर्समध्ये आले. खोकी बघता बघता माझ्यासमोर थांबले आणि गाव कोणतं म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं. म्हणाले, तिथे डचांची वखार आहे. मी म्हणालो, आम्ही तिच्यातच राहतो. साहेबांनी मला पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत बघितलं. मग सगळं विचारायला लागले, बुरूज कसे आहेत, जिना दगडी की लाकडी, निशाण अजून दिसतं का. वटवाघळांबद्दल त्यांनी विचारलं नाही, गळतीबद्दल नाही, आईबद्दल नाही. शेवटी विचारलं, शिंपल्यांच्या खिडक्या शिल्लक आहेत का. मी म्हणालो, एक आमच्या घरीच पडून आहे. घाबरलेला माणूस समोरच्याला जे हवं ते देऊन टाकतो, तसं माझ्या तोंडून ते निघालं. साहेब म्हणाले, "ती घेऊन ये. बंगल्याच्या दर्शनी भिंतीत लावू. तुझं कायमचं मी बघतो." म्हणजे एका बाजूला कायमची नोकरी, कंपनीच्या चाळीतली न गळणारी खोली, आईची पागेतून सुटका. दुसऱ्या बाजूला हजेरीतून नाव कमी. मधे एक मोडकी खिडकी. ती मुळात सरकारची होती, हा विचार साहेबांच्या मनात आला नाही आणि माझ्याही.

कोल्हापूरमार्गे दोन दिवसांनी मी पागेत पोचलो. भिंत रिकामी होती. आई चुलीपुढे कुळथाची पिठी ढवळत होती. मी पाया पडायच्या आधी विचारलं, खिडकी कुठे गेली. ती म्हणाली, "खंयची खिडकी? ती? ती गेल्या पावसात चुलीत घातलंय. दुसरा सुका लाकूड होता खंय?" मी चुलीपाशी बसलो. साहेबांचं, नोकरीचं, चाळीतल्या खोलीचं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की तुझ्या साहेबाला एवढ्या शिकलेल्याला साधी खिडकी करून घेता येत नाही का. मग मी रडकुंडीला आलोय हे बघून ती उठली. शिंपले तिनं जाळले नव्हते. एक लोणच्याच्या बरणीवर, एक मिठाच्या मडक्यावर, एक ताकाच्या लोटीवर, अशी सगळ्या घरभर तिनं त्यांची झाकणं केली होती. ती सगळी तिनं गोळा केली, राखेनं घासली आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून दिली. "ह्यां ने झिला," ती म्हणाली. "पण झाकणां परत धाडून दी." वलंदेजांच्या इतक्या वर्षांच्या कारभारातून माझ्या घराला मिळालेला एवढाच उपयोग, आणि तोही मी काढून नेला.

चिंचवडला परत आलो तो थेट मिस्त्रींच्या दुकानात जाऊन बसलो आणि शिंपल्यांचं गाठोडं पुढे ठेवलं. मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांनी एक शिंपला उचलून उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि मला खिडकी कशी होती ते विचारलं. पट्ट्या किती, कशा, आडव्या किती, उभ्या किती. लहानपणापासून रोज बघितलेली, सगळी तोंडपाठ. मी खडूनं जमिनीवर काढून दाखवली. मिस्त्री म्हणाले, "साहेबाला विलायतेचीच खिडकी पायजे ना? मग लाकूड बी विलायतेचंच घालू." आणि त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याकडे बोट दाखवलं.

पुढच्या दोन सुट्ट्या आणि रोजच्या संध्याकाळी मिस्त्रींनी ती खिडकी घडवली. त्यांच्या कामाला मी इथे हसणार नाही. या प्रकरणात मी ज्याची त्याची टर उडवली असेल, पण तेवढं काम मी बघितलेल्या कामांत सगळ्यांत खरं होतं. एक खिळा वापरला नाही. सगळे सांधे खाचेत खाच बसवून, लाकडी खुंट्या मारून. प्रत्येक शिंपला वेगळ्या आकाराचा, म्हणून प्रत्येक खाच वेगळी कोरली. मी विचारलं, जुनी वाटायला कीड लागल्यासारखी भोकं पाडायची का. मिस्त्री म्हणाले, "त्ये किड्याचं काम हाय. माझं न्हाई." लाकूड मात्र अजून गोरंच होतं. ते चाचीनं हातात घेतलं. जुने कपडे काळे रंगवायची तिची एक रीत होती, हिरड्याचं पाणी आधी आणि आंबट ताकात गंजक्या खिळ्यांचं पाणी नंतर. तिनं तेच खिडकीवर फिरवलं. दोन हातांत ते पोरकट पिवळं लाकूड राखाडी झालं, तिसऱ्या हातात वखारीच्या तुळईसारखं दिसायला लागलं. मग तिनं ती आठवडाभर चुलीवरच्या फळीवर धुराला ठेवली. तिच्या भाकरीच्या धुरानं वलंदेजांचं राज्य परत आलं.

आणि इथे मी माती खाल्ली. वरच्या आडव्या पट्टीला घेतलेल्या फळीवर पेल्याचं काळं चित्र होतं. फळी मापानं कापताना पेल्याची बैठक आणि निम्मी दांडी उरलेल्या तुकड्यात गेली. वरचा पेला पट्टीवर राहिला. मिस्त्री तो रंध्यानं काढायला निघाले, तर मी त्यांचा हात धरला. निशाण दिसलं की साहेबलोक पाघळतात, ही विद्या माझ्या पोटात होतीच. म्हटलं, मिस्त्री, हे राहू द्या, हे बघून साहेब खूश होतील. ते म्हणाले, "वलंदेज, खोक्यावरची खूण हाय ती. कोणतरी वळखंल." मी म्हणालो, इथे कोण ओळखणार, ही चित्रं फक्त मला आणि हमालांना कळतात. त्यांनी माझं ऐकलं. मी सातवी शिकलेला आणि ते निरक्षर, म्हणून ऐकलं.

साहेब अगदी माझ्या हिशेबानं पाघळले. खिडकी बघून त्यांनी हळूच हात लावला, वास घेतला आणि म्हणाले, समुद्राचा वास अजून आहे. तो चाचीच्या चुलीचा होता. पेल्याच्या चित्रावर त्यांनी बोट फिरवलं, तेव्हा मला वखारीच्या दारातले सगळे टोपीवाले एकदम आठवले. ते म्हणाले, हे त्या व्यापाऱ्याच्या घराण्याचं मानचिन्ह असणार. मी मान हलवली. त्याच आठवड्यात माझं नाव कायमच्या यादीत गेलं. खिडकी दर्शनी भिंतीत बसली, तिचा फोटो कंपनीच्या मासिकात छापून आला आणि मुंबईच्या संचालकांना पाठवला गेला.

बंगल्याच्या वास्तुशांतीला संचालक आले, आणि यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी इंजिनियर आला. साहेबांनी मला धुतलेले कपडे घालून खिडकीपाशी उभं राहायला सांगितलं होतं, पाहुण्यांना वखारीची हकिगत सांगायला. तो इंजिनियर खराखुरा वलंदेज निघाला. जन्म त्यांच्या पागेत गेला, पण जिवंत वलंदेज मी पहिल्यांदा तिथे पाहिला. उंच, उन्हानं लाल झालेला, साधा माणूस. साहेबांनी त्याला अभिमानानं मानचिन्ह दाखवलं. तो वाकून बघायला लागला, मग त्याचे खांदे हलायला लागले. त्यानं दोन्ही हात पुढे करून जड खोकं सांभाळून उचलल्याची नक्कल केली, पेल्याकडे बोट दाखवलं, आणि कारखान्याच्या दिशेनं बोट दाखवलं. त्याच्याच कंपनीची खोकी होती ती. तो वाईट हेतूनं हसला नाही. पण साहेबांचा चेहरा उतरत गेला तो मी बघत होतो. संचालक लांब सरबत पीत होते, एवढंच साहेबांचं नशीब.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आणि मिस्त्रींना बंगल्याच्या व्हरांड्यात बोलावलं. आम्ही त्या जाड खांबापाशी उभे राहिलो. साहेबांनी मला विचारलं, हे कुणाचं डोकं. माझ्या डोळ्यांसमोर पागा आली, भांड्यांत पडणारं पाणी आलं. मी बोलणार होतो की नाही, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही, कारण तेवढ्यात मिस्त्री बोलले.

"साहेब, पोरानं गावाकडनं खरीच खिडकी आणली. वाटंत ती मोडली. माझ्याकडं दुरुस्तीला दिली, तर मी तिच्या जागी नवी करून ठिवली. त्याला ठावं न्हाई."

साहेबांनी विचारलं, आणि ते चिन्ह?

"त्ये बी मीच ठिवलं. मला वाचता येत न्हाई. चित्र बरं वाटलं."

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, खरं आहे? मी मान हलवली. वर लिहिलं आहे की साहेबांपुढे मी एकदा मान हलवली होती. ही दुसरी. साहेबांनी मिस्त्रींना सांगितलं की कंपनीच्या फाटकात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. चाळींच्या निम्म्या दारांचं काम बाकी होतं, ते दुसऱ्याला दिलं. खिडकी मात्र काढली नाही. मासिकात छापून आलेली गोष्ट भिंतीतून कशी काढणार? एवढ्या शिकलेल्या माणसाला आपण फसलो हे सांगण्यापेक्षा फसलेलं राहणं सोपं गेलं.

परतीच्या वाटेवर मी मिस्त्रींच्या मागे चार पावलं चालत होतो. रूळ ओलांडल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "म्होरं चाल. गप ऱ्हायलास त्ये बरं केलंस. दोघं बुडण्यात काय मतलब?" घरी चाचीला त्यांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघेल म्हणून मी जमिनीकडे बघत होतो. तिनं ताट सरकवलं. शुक्रवार नव्हता, तरी रस्सा होता. वास्तुशांती झाली, आता पोरगं कायमचं झालं, म्हणून तिनं सकाळीच मटण आणवलं होतं.

पुढे मिस्त्रींना दिघीला लष्कराच्या हद्दीत काम मिळालं. खोकी ठोकायचं. खिळा न मारता खिडकी घडवणारा माणूस पुढची सगळी वर्षं कच्च्या फळ्यांना खिळे मारत राहिला. मी चाळीत खोली मिळवली, आईला घेऊन आलो. चिंचवडला जात राहिलो, सणाला, आजारपणाला, पुढे त्या दोघांच्या मातीला. मिस्त्रींनी त्या व्हरांड्याचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. चाचीनं मात्र मला हाक मारायची ती तीच ठेवली, शेवटपर्यंत. वलंदेज आला का रे, म्हणायची.

एका वर्षी बंगल्यावर सत्यनारायण होता, कामगारांच्या घरच्यांना बोलावलं होतं. आई खिडकीपुढे उभी राहिली, डोळे बारीक केले आणि चार बायकांत स्पष्ट म्हणाली, "ह्यां तर माज्या ताकाचा झाकाण." मी तिला हात धरून प्रसादाच्या रांगेत नेलं. घाबरलो होतो. तोपर्यंत साहेब बदलून गेले होते आणि मला कुणी काही करणार नव्हतं, तरी घाबरलो.

खिडकी अजून आहे. मिस्त्रींचं काम, जाणार कुठे? मधल्या कुठल्यातरी साहेबानं तिच्याखाली पितळी पाटी लावली, की ही कोकणातल्या एका जुन्या बंदरातली मूळ डच खिडकी असून तिच्यावर चषकाचं मानचिन्ह आहे. आता तर तिथे शाळांच्या सहली येतात. मागे मी फाटकाबाहेर उभा असताना एक बाई मुलांना सांगत होत्या, बघा, एवढी वर्षं झाली तरी सांधा हलला नाही. त्या एकट्याच अख्ख्या माझ्या आयुष्यात एखाद्या वलंदेजी वस्तूबद्दल खरं बोलल्या, आणि ती वस्तू चिंचवडची होती.

त्या फळीचा उरलेला तुकडा माझ्याकडे आहे, पेल्याची बैठक आणि निम्मी दांडी असलेला. मिस्त्रींच्या थोरल्या मुलानं दुकान आवरताना तो मला दिला. गेल्या महिन्यात मी त्यावर अक्षरं कोरून घेतली, रहीममिस्त्री आणि हव्वाबी, चिंचवड. मिस्त्री, तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण साहेबांना आणि त्या मुलांना येतं. ही पाटी मी एक दिवस त्या पितळेच्या खाली माझ्या हातानं लावणार आहे, खिळा न मारता. फाटकावरचा माणूस विचारील, आजोबा, हे कुणाचं डोकं. या खेपेला मी मान हलवणार नाही, बोलणार आहे.